पाऊण तोळ्याचा पौंड

‘ॲडलेड पौंड’ या नावाने ओळखले जाणारे सोन्याचे नाणे १८५२ साली दक्षिण ऑस्ट्रेलिया या ब्रिटिश वसाहतीत पाडले गेले. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पाडलेले हे पहिले सोन्याचे नाणे. त्याच्या दर्शनी बाजूला मधोमध मुकुट आणि १८५२ हे साल, तर भोवती ‘गव्हर्न्मेंट ॲसे ऑफिस, ॲडलेड’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. मागच्या बाजूला मध्यभागी ‘व्हॅल्यू वन पाउंड’ आणि कडेने वजन व कस दिला आहे : ५ पेनीवेट १५ ग्रेन, २२ कॅरट. राणी व्हिक्टोरियाचा चेहरा मात्र नाण्यावर कुठेच नाही. ब्रिटिश साम्राज्यातल्या सोन्याच्या नाण्यावर राणीची छबी नसणे ही त्या काळी साधी बाब नव्हती. ते पाडण्याचा अधिकारच मुळात ॲडलेडला नव्हता आणि हे नाणे पाडणाऱ्यांना त्याची पूर्ण कल्पना होती.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ मध्ये स्थापन झाली. गहू, लोकर आणि बरा येथील तांब्याची खाण यांवर तिचा संसार चालत होता. १८५१ च्या सुमारास वसाहतीची लोकसंख्या साठ-पासष्ट हजारांच्या घरात होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये एडवर्ड हारग्रेव्ह्जला सोने सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत व्हिक्टोरियातील बॅलरॅट, माउंट अलेक्झांडर, बेंडिगो ही नावे सर्वतोमुखी झाली. माउंट अलेक्झांडरच्या ओढ्यांत तर सुरुवातीला सोने जमिनीच्या वरच्या थरातच मिळत होते. फावडे, घमेले आणि अंगात ताकद एवढ्या भांडवलावर नशीब काढता येते, ही बातमी ॲडलेडला पोचायला वेळ लागला नाही.

मग गाव रिकामे होऊ लागले. मजूर गेले, सुतार-लोहार गेले, कारकून गेले. बऱ्याच्या खाणीतले कॉर्निश खाणकामगार तर या कामात मुरलेले. त्यांनी तांब्याकडे पाठ फिरवली आणि खाण जवळपास ठप्प झाली. दुकाने बंद पडली, घरे आणि जमिनी कवडीमोलाने विकायला निघाल्या. माणसांबरोबर रोकडही गेली. खाणीवर जाणाऱ्याला वाटखर्चाला, शिधा-सामानाला आणि परवान्याला पैसे लागत. कागदी नोट परमुलखात कोण घेणार? म्हणून जो तो बँकेत जाऊन नोटांच्या बदल्यात खणखणीत सोन्याचे सॉव्हरिन नाणे मागू लागला. बँकांच्या तिजोऱ्या आटत चालल्या. नोटांमागे नाणे उरले नाही तर बँक बसते आणि बँक बसली की तिच्याबरोबर व्यापारीही बुडतात. १८५२ च्या जानेवारीत ॲडलेड या टोकाला येऊन ठेपले होते.

विचित्र गोष्ट अशी की त्याच सुमारास सोने ॲडलेडमध्ये येतही होते. पहिल्या लाटेत गेलेले काही जण कापडी पिशव्यांत सोन्याची भुकटी आणि गोळे घेऊन घरी परतत होते. त्यांच्याकडे सोने होते, पण त्या सोन्याने किराणा भरता येत नव्हता. भुकटीचा कस कोण ठरवणार, भाव कोण लावणार? व्यापारी हातचे राखून भाव देत. व्हिक्टोरियात तर सोन्याचा सुकाळ आणि नाण्यांचा दुष्काळ असल्याने औंसाला साठ शिलिंगांच्या आसपासच भाव मिळे. लंडनच्या टांकसाळीचा २२ कॅरट सोन्याचा ठरलेला दर मात्र औंसाला ७७ शिलिंग साडेदहा पेन्स होता. जहाजभाडे, विमा आणि महिनोन्‌महिन्यांचे व्याज धरले तरी ही तफावत फार मोठी होती. तिचा मलिदा खरेदीदारांच्या खिशात जात होता.

यावर उपाय सुचवणाऱ्यांत जॉर्ज टिनलाइन याचे नाव पुढे येते. साउथ ऑस्ट्रेलियन बँकिंग कंपनीचा कारभार त्या वेळी त्याच्याकडे होता. सरकारने सोन्याचा कस तपासून त्याच्या लगडी कराव्यात आणि त्या लगडींच्या आधारावर बँकांना नोटा काढू द्याव्यात, ही त्यामागची कल्पना. शहरातल्या व्यापाऱ्यांनीही लेफ्टनंट गव्हर्नर सर हेन्री यंग यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. यंग यांच्यापुढचा पेच अवघड होता. नाणे पाडणे हा राजसत्तेचा खास हक्क. चलनाला हात घालणाऱ्या विधेयकाला परस्पर संमती द्यायची नाही, अशी गव्हर्नरांना सक्त ताकीद असे. लंडनची परवानगी मागवावी, तर जहाजाने पत्र जायला तीन महिने आणि उत्तर यायला तीन. तोवर परवानगीचा उपयोग करायला बँकच शिल्लक राहिली नसती.

यंग यांनी जोखीम पत्करली. २८ जानेवारी १८५२ रोजी विधिमंडळाची खास बैठक बोलावली गेली. ‘बुलियन ॲक्ट’ नावाचे विधेयक त्याच दिवशी मांडले गेले, त्याची तिन्ही वाचने झाली आणि गव्हर्नरांची सहीही झाली. एरवी महिने खाणारे काम एका बैठकीत उरकले. कायद्याची मुदत बारा महिन्यांची होती. त्यात ‘नाणे’ हा शब्द शिताफीने टाळला होता. सरकार फक्त सोने तपासणार, त्याची लगड करून तिच्यावर वजन व कस उमटवणार. बँका औंसाला ७१ शिलिंग या दराने त्या लगडी घेऊन नोटा देणार आणि त्या नोटा कायदेशीर चलन ठरणार. हा ७१ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे ॲडलेड पौंडाचे सारे नशीब त्याच्यावरच ठरले.

१० फेब्रुवारीला ॲडलेडमध्ये सरकारी परीक्षण कचेरी उघडली. तिथे सोने तपासण्याची जबाबदारी बेंजामिन हर्शेल बॅबेज याच्याकडे होती. गणनयंत्राची कल्पना मांडणारे गणिती चार्ल्स बॅबेज यांचा हा मुलगा. तपासणीची रीत सराफी कामाशी ओळख असणाऱ्याला परकी वाटणार नाही. खाणीवरचे सोने टाकणखार घालून मुशीत वितळवायचे, म्हणजे माती आणि हलके धातू मळीबरोबर वर येतात. ओतलेल्या लगडीचा छोटा तुकडा कापून घ्यायचा, त्यात मोजून चांदी मिसळायची आणि शिशाबरोबर तो हाडांच्या राखेच्या वाटीत भट्टीत ठेवायचा. शिसे आणि हिणकस धातू त्या वाटीत शोषले जातात, सोने-चांदीचा मणी मागे उरतो. तो ठोकून पातळ करून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळून जाते आणि निव्वळ सोने हाती लागते. आधीचे वजन आणि नंतरचे वजन यांवरून कस निघतो. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून ठरवलेल्या कसापेक्षा हे काम कितीतरी चोख होते, पण वेळखाऊही.

भाव चांगला मिळाला तरी सोने व्हिक्टोरियातून ॲडलेडला येणार कसे? मधला रस्ता साडेपाचशे किलोमीटरांहून लांब, त्यात ओसाड, निर्जळ टापू आणि वाटमाऱ्यांची भीती. पोलीस अधिकारी अलेक्झांडर टोल्मर याने ही जबाबदारी उचलली. सशस्त्र स्वार आणि एक गाडी घेऊन तो फेब्रुवारीतच निघाला आणि माउंट अलेक्झांडरवर दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या खाणकऱ्यांनी त्याच्याकडे सोने सोपवले. २० मार्चला तो ॲडलेडला परतला तेव्हा गाडीत ५,१९९ औंस सोने होते. ७१ शिलिंगांच्या दराने त्याची किंमत साडेअठरा हजार पौंडांच्या जवळपास भरते. त्यानंतर १८५३ च्या अखेरपर्यंत अशा फेऱ्या होत राहिल्या. त्या मार्गावर मुक्कामासाठी वसलेले बॉर्डरटाउन हे गाव आजही आहे.

योजना फळाला आली. मेलबर्नपेक्षा औंसामागे दहा-अकरा शिलिंग जास्त मिळतात म्हटल्यावर सोने ॲडलेडकडे वळले, बँका सावरल्या आणि परतलेले खाणकरी जमिनी विकत घेऊ लागले. वर्षभरापूर्वी ज्यांना गिऱ्हाईक नव्हते त्या जमिनींना पुन्हा भाव आला.

लगडींचा प्रयोग मात्र फसला. प्रत्येक लगड वेगळ्या वजनाची, म्हणून वेगळ्या किमतीची. त्यांचे आकारही ओबडधोबड. अशा लगडीने पीठ-साखर घेणे सोडाच, मोठ्या व्यवहारातही दर वेळी हिशेब मांडावा लागे. फार थोड्या लगडी काढल्या गेल्या आणि आज टिकून असलेल्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच आहेत. लोकांना हवे होते ते न मोजता हातावर ठेवता येईल असे काहीतरी, म्हणजेच नाणे.

शेवटी सरकारने उरलीसुरली भीड सोडली. नोव्हेंबर १८५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि परीक्षण कचेरीला पाच पौंड, दोन पौंड, एक पौंड आणि दहा शिलिंग किमतीची सोन्याची ‘टोकन’ काढण्याची मुभा मिळाली. टोकन हा शब्द केवळ कायद्याच्या कात्रीतून सुटण्यासाठी. प्रत्यक्षात ते नाणेच होते. चारांपैकी चलनात आले ते फक्त एक पौंडाचे. ठसे कोरले जोशुआ पेन या स्थानिक कारागिराने. त्याच्या हाताशी टांकसाळीची अवजड यंत्रे नव्हती आणि नाण्याचे ठसे बनवणाऱ्या उस्तादांची परंपराही नव्हती. तरीही त्याने कोरलेला मुकुट आणि अक्षरे नेटकी आहेत.

पहिल्या ठशाने लगेच दगा दिला. मागच्या बाजूचा ठसा थोडी नाणी पाडताच तडकला. तडा गेला तो कडेच्या लेखातल्या ‘डीडब्ल्यूटी’ या, पेनीवेटचे संक्षिप्त रूप असलेल्या अक्षरांजवळ. त्यानंतरच्या नाण्यांवर त्या ठिकाणी बारीक उंचवट्याची रेघ उमटली आहे. तोवर वीस ते पन्नास नाणी पडली असावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे. पेनने दुसरा ठसा तयार केला आणि उरलेली सगळी नाणी त्याने पाडली गेली. दोन्ही प्रकार ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिल्या प्रकारात मागच्या बाजूच्या आतल्या वर्तुळाला मण्यांची किनार आहे, दुसऱ्यात ती किल्ल्याच्या तटाच्या चर्यांसारखी कातरलेली आहे. दोन्ही मिळून एकूण २४,६४८ नाणी पाडल्याची नोंद आहे.

या नाण्याचे वजन ५ पेनीवेट १५ ग्रेन. एका पेनीवेटचे २४ ग्रेन होतात, म्हणजे एकूण १३५ ग्रेन, आजच्या मापाने सुमारे पावणेनऊ ग्रॅम. बरोबर पाऊण तोळा. त्याच कसाचे इंग्लंडचे सॉव्हरिनही एक पौंडाचेच नाणे, पण त्याचे वजन १२३ ग्रेनांपेक्षा किंचित जास्त, म्हणजे जेमतेम आठ ग्रॅम. एकाच किमतीच्या दोन नाण्यांत जवळपास पाऊण ग्रॅम सोन्याचा फरक का पडावा? ॲडलेडच्या कारागिरांना वजन करता येत नव्हते असे मुळीच नाही. औंसाला ७१ शिलिंग हा कायद्याने बांधलेला दर होता. त्या दराने एका पौंडाला, म्हणजे वीस शिलिंगांना, २२ कॅरटचे साधारण १३५ ग्रेन सोने येते. लंडनच्या ७७ शिलिंग साडेदहा पेन्सच्या दराने ते १२३ ग्रेन येते. ॲडलेडच्या कचेरीने आपल्या कायद्याशी इमान राखून काटेकोर हिशेब केला आणि त्यातच नाण्याचा घात झाला.

ॲडलेडमध्ये एक पौंडाला चालणारे हे नाणे लंडनला नेऊन वितळवले तर त्यातल्या सोन्याचे जवळपास २१ शिलिंग ११ पेन्स होत. शंभर नाण्यांमागे साडेनऊ पौंडांची कमाई, त्यातून जहाजभाडे आणि विमा वजा. सराफ असो की बँक, हिशेब कळणाऱ्या कुणाला हा मोह आवरणार? व्यवहारात कमी सोन्याचे आणि जास्त सोन्याचे नाणे एकाच किमतीला चालू लागले की लोक हलके नाणे खर्च करतात आणि जड नाणे तिजोरीत किंवा मुशीत जाते. अर्थशास्त्रात याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात. १८५२ च्या अखेरीपासून इंग्लंडहून सॉव्हरिन मोठ्या प्रमाणात येऊ लागली तशी ॲडलेड पौंडाची गरजही सरली. चोवीस हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुतेक वितळली. आज अडीचशेच्या आसपास शिल्लक आहेत, म्हणजे शंभरात एखादे. पहिल्या प्रकारची तर त्यात थोडीच.

एखादे नाणे दुर्मीळ होते त्याची कारणे बहुधा योगायोगाची असतात. जहाज बुडते, टांकसाळ जळते, राजा बदलतो. ॲडलेड पौंड दुर्मीळ झाले ते बोललेल्या किमतीपेक्षा जास्त सोने देऊन बसल्यामुळे. नाणी पाडताना राज्यकर्त्यांनी सोने चोरल्याची उदाहरणे इतिहासात पैशाला पासरी मिळतील. उलट्या बाजूने चुकलेली टांकसाळ क्वचितच सापडते.

कायद्याची वर्षाची मुदत १८५३ च्या सुरुवातीला संपली आणि परीक्षण कचेरीचे काम थांबले. लंडनचा कौल काय लागतो याची चिंता यंग यांना असणारच, पण टपाल इतके संथ होते की वरिष्ठांचे मत पोचेपर्यंत प्रकरणावर पडदा पडला होता. ॲडलेडच्या लोकांनी मात्र आपल्या गव्हर्नराच्या धाडसाची कदर केली. शहर वाचले होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

तीन वर्षे आधी कॅलिफोर्नियातही सोन्याच्या खाणींमुळे अशीच नाणेटंचाई आली होती. तिथे मात्र सरकारला कायद्यातून पळवाट काढावी लागली नाही. अमेरिकेत तेव्हा खासगी व्यक्तींना सोन्याची नाणी पाडायला बंदी नव्हती, ती १८६४ मध्ये आली. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोत खासगी टांकसाळींचे पेव फुटले. मेलबर्नमध्येही १८५३ साली डब्ल्यू. जे. टेलर या इंग्रज ठसेकाराच्या खटपटीतून ‘कांगारू ऑफिस’ नावाची खासगी टांकसाळ निघाली. पण तिचे यंत्र इतके अवजड होते की गोदीवरून हलवता हलवता महिने गेले. ते चालू होईपर्यंत सोन्याचा भाव चढला होता आणि धंद्यातला नफा उडाला होता.

ऑस्ट्रेलियात रीतसर टांकसाळ सुरू झाली ती सिडनीत, १४ मे १८५५ रोजी, लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून. तिची सॉव्हरिन इंग्लंडच्या वजनाबरहुकूम होती, म्हणून ती वितळवण्यात फायदा नव्हता. पुढे १८७२ मध्ये मेलबर्नची आणि १८९९ मध्ये पर्थची टांकसाळ निघाली.

ऑस्ट्रेलियाच्या खाणींतल्या सोन्याचा भारताशी संबंध जुळला तो या नाण्यांमुळे. १८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारने जाहीर केले की इंग्लंडच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या शाही टांकसाळीत पडलेले पुऱ्या वजनाचे सॉव्हरिन सरकारी खजिन्यात दहा रुपयांना घेतले जाईल. मराठी घरांत ‘गिनी’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले नाणे बहुतेक वेळा सॉव्हरिनच असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर खुद्द मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडली गेली. पाणबुड्यांच्या भीतीमुळे सोन्याची समुद्रावरची ने-आण धोक्याची झाली होती, म्हणून १९१८ मध्ये तिथे रॉयल मिंटची शाखा काढण्यात आली. त्या एका वर्षी सुमारे तेरा लाख सॉव्हरिन पडली. नाण्यावरच्या घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर दिसले की ते नाणे मुंबईचे समजावे.

ॲडलेड पौंड आज संग्रहालयांत आणि खासगी संग्रहांत विखुरले आहेत. पहिल्या प्रकारच्या चांगल्या प्रतीच्या नाण्याला लिलावात काही लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजले जातात. दुसऱ्या प्रकाराचा भाव त्यापेक्षा बराच खाली असला तरी सोन्याच्या भावाशी त्याची तुलनाच होत नाही. दागिन्यात जडवण्यासाठी भोक पाडलेले किंवा कडी लावून मग काढून टाकलेले नाणे कितीतरी स्वस्त जाते, कारण दुरुस्तीच्या खुणा संग्राहकांच्या नजरेतून सुटत नाहीत.

एवढ्या मागणीमुळे नकलाही भरपूर आहेत. काही स्मरणिका म्हणून उघडपणे काढलेल्या, काही फसवण्यासाठी केलेल्या. वजन पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास आहे का, आतल्या वर्तुळाची किनार दोन ज्ञात प्रकारांपैकी एकाशी जुळते का आणि अक्षरांच्या कडा ठशाने पडल्यासारख्या धारदार आहेत की ओतल्यासारख्या बोथट, हे तीन तपास घरीही करता येतात. ते पार पडले तरी नाणेतज्ज्ञाचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत.